रात्रपाळीच्या नायिका

गेल्या महिन्यात या सदरात मी सहज लिहून गेले होते की, व्हँपायर, लांडगा-माणसं आणि प्रेम यांनी भरलेल्या इंग्रजी कादंबऱ्या मी जवळजवळ तीस वर्षं वाचते आहे आणि त्यांना कुणी हलकं समजू नये. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते आणि नोकरीतली बरीच वर्षं रात्रपाळी केली. या पुस्तकांशी माझं जुळलं त्यात त्या रात्रपाळीचा हात आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

प्रश्न : ताई, दुकानात ‘अर्बन फँटसी’ आणि ‘पॅरानॉर्मल रोमान्स’ एकाच फळीवर ठेवलेली असतात. दोन्हींच्या मुखपृष्ठावर पौर्णिमेचा चंद्र आणि पाठमोरी बाई. यांत फरक काय? — एक वाचक, कोल्हापूर

मुखपृष्ठावरून खरंच कळत नाही, शेवटचं पान वाचलं की कळतं. पॅरानॉर्मल रोमान्समध्ये एका पुस्तकात एक जोडी भेटते, भांडते, एकत्र येते आणि तिथे त्यांची गोष्ट पुरी होते. पुढच्या पुस्तकात त्याच जगातली दुसरी जोडी. नलिनी सिंग या लेखिकेचं ‘स्लेव्ह टु सेन्सेशन’ (२००६) घ्या. बाई जन्माने फिजीच्या, भारतीय वंशाच्या, वाढल्या न्यूझीलंडमध्ये. त्यांच्या जगात एक जमात अशी आहे की तिने भावनाच दाबून टाकायचा नियम केलाय, आणि दुसरी बिबट्या-लांडग्यांचं रूप घेणाऱ्यांची, जी स्पर्शावाचून जगू शकत नाही. पहिल्या पुस्तकात या दोन जमातींतले दोघं एकमेकांना सापडतात. पुढच्या भागात ती दोघं असतात, पण बाजूला.

अर्बन फँटसीत तीच एक बाई दहा-दहा, बारा-बारा पुस्तकं आपल्यासोबत असते. दर वेळी नवं प्रकरण, नवा खून, नवं संकट. प्रेम असतं, पण एकेका पुस्तकात वीतभर पुढे सरकतं. शहर मात्र खरं लागतं, त्यातले रस्ते, पूल, बारसुद्धा. एमा बुल यांचं ‘वॉर फॉर द ओक्स’ १९८७ साली आलं. त्यातली एडी मिनीयापोलिसमधल्या बँडमध्ये गिटार वाजवते. बँड मोडतो, प्रियकराशी फाटतं, आणि त्याच रात्री परीलोकातले लोक तिला आपल्या युद्धासाठी निवडतात. त्यांच्या रणभूमीवर एक मर्त्य माणूस हजर असल्याशिवाय कुणी मरूच शकत नाही, म्हणून तिची गरज. पहिली लढाई होते मिनेहाहा धबधब्यापाशी, जिथे एरवी लोक सहलीला जातात. या प्रकाराची मुळं शोधायची असतील तर मी तिथूनच सुरुवात करायला सांगेन.

आता दोन्ही प्रकार एकमेकांत इतके मिसळलेत की फळीवाल्याचाही दोष नाही.

प्रश्न : मी अनिता ब्लेक मालिकेतली पहिली नऊ पुस्तकं झपाटल्यासारखी वाचली. दहाव्यानंतर मन लागेना. मैत्रीण म्हणते, तुला प्रणयाचं वावडं आहे. तसं असेल का? आणि तुमच्या आवडत्या नायिका कोणत्या? — एक वाचक, पुणे

तसं अजिबात नाही. नवव्या-दहाव्या पुस्तकांच्या मध्ये तुमचं मन उठलं, हे वाचून मला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. माझंही अगदी तिथेच उठलं होतं.

लॉरेल के. हॅमिल्टन यांचं, या मालिकेतलं पहिलं पुस्तक ‘गिल्टी प्लेजर्स’ १९९३चं. मला ते तीनेक वर्षांनी मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर चाळीस रुपयांत मिळालं. त्या रात्री ड्युटीवर जेवणाच्या सुट्टीत उघडलं आणि पहिल्याच प्रकरणात कळलं की ही बाई नोकरी करते. सेंट लुईस शहरात मेलेल्या माणसांना उठवणाऱ्या कंपनीत ती कामाला आहे. मृत्युपत्रावरून वारसांचा वाद असेल, तर मेलेल्यालाच उठवून विचारायचं. त्यासाठी कोंबडी किंवा बकरा लागतो, आणि मृतदेह जितका जुना तितका बळी मोठा. साहेब तिच्या परवानगीशिवाय कामं घेऊन ठेवतो. पहाटे चिखलाने आणि रक्ताने माखलेली ती घरी येते, तेव्हा शेजारी कामाला निघालेले असतात. सकाळी सातला ड्युटी संपवून डोंबिवली स्टेशनला उतरताना समोरून साडेसातच्या गाडीसाठी धावणारी माणसं यायची आणि मी एकटीच उलट्या दिशेने चाललेली असायचे. इंग्रजी पुस्तकात ती चाल मला पहिल्यांदा दिसली.

नववं पुस्तक ‘ऑब्सिडियन बटरफ्लाय’ (२०००) या मालिकेतलं सगळ्यात कसदार. न्यू मेक्सिकोतलं भयंकर प्रकरण, आणि अनिता तिच्या कामात मुरलेली. दहाव्या ‘नार्सिसस इन चेन्स’मध्ये (२००१) लेखिका तिला एक शक्ती देते, वासनेवर पोसली जाणारी. ठरावीक वेळाने ती भूक भागवावीच लागते. तिथून पुढे प्रकरणं मागे पडत गेली, पोलीस मागे पडले, आणि शयनगृह पुढे आलं. मला शृंगाराचा त्रास झाला नाही. त्रास याचा झाला की निवड संपली. भूक लागते म्हणून जवळ जायचं, तर त्यात तिला कोण आवडतं याला काय अर्थ उरला? आणि तिचं काम, ज्यासाठी मी तिच्यामागून स्मशानं पालथी घातली, ते नुसतं सांगण्यापुरतं राहिलं.

तेव्हापासून कुठलंही असं पुस्तक हातात आलं की मी एकच बघते : प्रेम आल्यावर तिचं काम टिकतं का?

पॅट्रिशिया ब्रिग्ज यांची मर्सी थॉम्पसन या कसोटीला पुरेपूर उतरते, म्हणून ती माझी सगळ्यात लाडकी. ‘मून कॉल्ड’ २००६ मध्ये आलं. मर्सी वॉशिंग्टन राज्यातल्या ट्राय-सिटीजमध्ये फोक्सवॅगन दुरुस्त करण्याचं गॅरेज चालवते. इतिहासाची पदवीधर आहे, पण हातांना ग्रीस लागलेलं. तिला कायोटीचं, म्हणजे कोल्ह्या-लांडग्यांच्या जातीतल्या एका लहानशा जनावराचं रूप घेता येतं, आणि शेजारी राहतो लांडगा-माणसांच्या टोळीचा प्रमुख अ‍ॅडम. तो शिस्तीचा, टापटिपीचा. त्याने फार हुकूम सोडले की मर्सी आपल्या परसात ठेवलेली भंगार गाडी त्याच्या खिडकीतून आणखी वाईट दिसेल अशी करते. कधी चाकं काढते, कधी आणखी काही. मला हे भांडण फार आवडतं. ताकदीत तो तिच्या कितीतरी वर आहे, हे दोघांनाही माहीत आहे. तरी ती आपल्या हद्दीत, आपल्या हत्यारांनी बोलते. पुढे दोघांचं लग्न होतं आणि गॅरेज तिचंच राहतं. मध्ये ते उद्ध्वस्त होतं, तेव्हा ती ते पुन्हा उभारते.

दुसरी सुकी स्टॅकहाउस. शार्लेन हॅरिस यांचं ‘डेड अन्टिल डार्क’ २००१चं. पुढे त्यावर ‘ट्रू ब्लड’ ही मालिका निघाली, ती बऱ्याच जणांनी पाहिली असेल. सुकी लुईझियानातल्या एका छोट्या गावात बारमध्ये ऑर्डर घेते, आणि तिला समोरच्याच्या मनातलं ऐकू येतं. लोकांना वाटतं, काय भाग्य! तिला तो आजार वाटतो. टेबल पुसताना चार जणांची मनं एकदम कानावर आदळतात, नको ते सगळं कळतं. मग एक दिवस बारमध्ये व्हँपायर येतो आणि त्याच्या मनाचा काहीच आवाज येत नाही. शांतता. ती त्या शांततेच्या प्रेमात पडते.

हे वाचताना मी पुस्तक मिटून किती तरी वेळ बसले होते. आठ-आठ तास हेडफोन लावून बोर्डवर बसलेल्या बाईला ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. अनोळखी माणसांची घाई, राग, रडं सगळं कानात. घरी आलं की कुणी बोलूच नये असं वाटे. आमचे हे मुळात कमी बोलणारे. माहेरी सगळ्यांना वाटायचं, हिला कसा घुमा नवरा मिळाला. मला काय मिळालं होतं ते मलाच ठाऊक. ते नेमकेपणाने शब्दांत मांडलेलं मी या पुस्तकात पहिल्यांदा वाचलं.

(पुढच्या ओळी मालिका न वाचलेल्यांनी गाळाव्यात.) सहाव्या पुस्तकात उलगडा होतो की तो व्हँपायर योगायोगाने आलेलाच नव्हता, त्याला व्हँपायरांच्या राणीने मुद्दाम धाडलं होतं. ती शांतता खरी, पण तिच्याकडे चालत येणारा माणूस कामगिरीवर होता. तेराव्या, शेवटच्या पुस्तकात (२०१३) सुकी कुठल्याच व्हँपायरकडे जात नाही, बारच्या मालकाकडे, सॅमकडे वळते. वाचक फार चिडले. त्यांना दुसरा एक व्हँपायर, देखणा, हजार वर्षांचा एरिक हवा होता. मी लेखिकेच्या बाजूने आहे. सुकीला अंगणात उन्हात पडून राहायला आवडतं, हे पहिल्या पुस्तकापासून सांगितलेलं आहे. उन्हाची आवड असलेल्या बाईने जन्मभर रात्र का स्वीकारावी? शिवाय तोवर ती त्या बारमध्ये भागीदार झालेली असते. पहिल्या पानावर ट्रे घेऊन उभी असलेली मुलगी शेवटच्या पानावर गल्ल्याच्या मागे उभी आहे. मला हा शेवट पूर्ण पटतो.

प्रश्न : माझी पंधरा वर्षांची मुलगी ‘ट्वायलाइट’ तिसऱ्यांदा वाचते आहे. आता तिला मोठ्यांच्या मालिका हव्यात. ‘तू माझीच आहेस’ म्हणणारे हे नायक बघून मला काळजी वाटते. वाचू द्यावं का? — एक आई, नाशिक

वाचू द्या, पण तुम्हीही वाचा. काळजी रास्त आहे. ‘ट्वायलाइट’मध्ये (२००५) व्हँपायर नायक एडवर्ड रात्री नायिका बेलाच्या खोलीत येऊन तिला नकळत ती झोपलेली असताना बघत बसतो. तिसऱ्या भागात तिने मित्राकडे जाऊ नये म्हणून तिच्या गाडीचं इंजिन निकामी करून ठेवतो. लेखिका याला काळजी म्हणते, आणि पंधराव्या वर्षी ते काळजीसारखंच दिसतं. मुलीला उपदेश करू नका. फक्त विचारा, ‘त्या गाडीबद्दल तुला काय वाटलं गं?’ आणि ती काय बोलते ते ऐकून घ्या. दोन वर्षांनी तिच्या हातात ‘मून कॉल्ड’ द्या. तिथली नायिका गाडीचं इंजिन स्वतः उघडते. दोन पुस्तकांमधला फरक तिला तुम्ही दाखवायची गरज पडणार नाही.

अर्थात ‘तू माझी’ तिथेही आहे. अ‍ॅडमने मर्सीला न विचारता टोळीसमोर आपली जोडीदार जाहीर केलेलं असतं. हेतू तिच्या संरक्षणाचा, कारण नाहीतर टोळीतल्या कुणीही तिच्यावर हात टाकला असता. तिला कळतं तेव्हा ती भडकते, आणि लेखिका तिच्या रागाला खरा राग मानते, लाडिक रुसवा मानत नाही. मी अशा ठिकाणी हेच पाहते. नायक दांडगाई करतो, हे या प्रकारात ठरलेलंच आहे. पुस्तक त्या दांडगाईला काय म्हणतं, यावर मी त्याची पारख करते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. या मालिकेतलं तिसरं पुस्तक, ‘आयर्न किस्ड’ (२००८), तिला एकटीला वाचू देऊ नका. शेवटाकडे मर्सीवर बलात्कार होतो, आणि तोही मंतरलेल्या पेल्यातून पाजून, इच्छाशक्तीच काढून घेऊन. म्हणजे वरवर पाहणाऱ्याला तिची संमती होती असं वाटावं. ‘तिने नाही कुठे म्हटलं?’ हा प्रश्न आपल्याकडच्या किती बायकांना किती ठिकाणी विचारला गेला असेल. लेखिकेने त्या प्रश्नाचं उत्तर जादूच्या पेल्यातून दिलंय, आणि मी आजवर वाचलेल्या उत्तरांत ते सगळ्यात स्पष्ट आहे. पुढच्या पुस्तकात मर्सी बरी होऊन हसत फिरत नाही. तिला धाप लागते, स्पर्श नकोसा होतो, आणि अ‍ॅडम थांबतो. हे वाचायला हवंच, पण अठरानंतर, आणि शक्यतो बोलायला जवळ कुणी असताना.

अनिता ब्लेकची दहाव्यानंतरची पुस्तकं उघडपणे प्रौढांची आहेत. ती घरात असतील तर वरच्या फळीवर ठेवा.

प्रश्न : तुमच्या सांगण्यावरून इलोना अँड्र्यूज यांचं ‘मॅजिक बाइट्स’ घेतलं. निम्मं झालं, गोडी लागेना. सोडू का? — एक विद्यार्थिनी, संभाजीनगर

सोडू नकोस गं, निदान तिसऱ्यापर्यंत जा. हे नाव नवरा-बायको मिळून लिहितात, आणि पहिल्या पुस्तकात (२००७) त्यांचा हात बसलेला नाही हे मलाही मान्य आहे. पण ते अटलांटा बघ ना. जादूची लाट आली की वीज जाते, बंदुका चालत नाहीत, मोटारी बंद पडतात. लाट ओसरली की दिवे परत लागतात. केव्हा येईल ते कुणालाच माहीत नाही. उंच इमारती त्या जादूने पोखरून कोसळतायत. भारनियमनात वाढलेल्या मुलीला ते शहर परकं वाटू नये.

तिसऱ्या पुस्तकात, ‘मॅजिक स्ट्राइक्स’मध्ये, आखाड्यात समोर उभे ठाकतात चक्क राक्षस, आपले, विमानासकट. परदेशी पुस्तकांत आपली दैवतं आणि दैत्य आले की मी आधी दचकते, कारण बहुतेक वेळा नुसता मसाला असतो. इथे निदान त्यांना अक्कल आणि डावपेच दिलेत. आणि नायिका केट व रूप बदलणाऱ्यांचा प्रमुख करन एकत्र येतात ते थेट चौथ्यात. तोवर ती त्याच्याशी किती भांडते ते मोजत वाच, मजा येईल.

प्रश्न : आपल्याकडे वेताळ, देवचार, मुंजा, हडळ सगळं आहे. मग मराठीत अशी कादंबरी का दिसत नाही? — एक वाचक, सावंतवाडी

तुमचं पत्र मी शेवटी ठेवलं, कारण त्याला उत्तर द्यायचं तर मला आजोळी जावं लागतं, आणि माझं आजोळ तुमच्याच बाजूचं.

भयकथा आपल्याकडे थोर आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यावर आमची अख्खी पिढी रात्री जागली. पण भयकथेत अमानवी गोष्ट बाहेरून येते, घर उद्ध्वस्त करते, आणि तिला घालवून दिलं की गोष्ट संपते. अर्बन फँटसीत ती शेजारी राहते. तिचं भाडं थकतं, तिची गल्लीत भांडणं होतात. तिला घालवायचं नसतं, तिच्याबरोबर नांदायचं असतं. आणि नांदणं आलं की प्रेमही येतं.

बेन एरोनोविच यांचं ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ (२०११) वाचा. त्यात लंडनचा एक हवालदार कोव्हेंट गार्डनमध्ये चक्क भुताचा जबाब घेतो. तिथल्या कितीतरी नद्या बायका आहेत. थेम्स ही त्यांची आई, मूळची नायजेरियाची, नर्सिंग शिकायला आलेली. तिच्या मुली म्हणजे टायबर्न, फ्लीट अशा नद्या, ज्या आज रस्त्यांखालून गटारातून वाहतात. एकीच्या प्रेमात तो हवालदार पडतो. हे वाचताना माझ्या मनात सारखी मिठी येत होती. मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा अशा चार नद्या मुंबईच्या पोटात आहेत आणि आपण त्यांना नाला म्हणतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने आपली हद्द दाखवली. त्या मिठीला बाई म्हणून कुणी बोलतं केलं तर ती काय काय बोलेल! नदीला आई म्हणणाऱ्या लोकांना ही कल्पना लंडनकडून उसनी घ्यावी लागू नये.

आणि आपला वेतोबा. माझी आजी वेंगुर्ल्याजवळ आरवलीची. तिथे वेतोबाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपलांचा जोड वाहतात, माणसाच्या पायापेक्षा कितीतरी मोठा. का, तर तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. लहानपणी आजीने मला देवळात नेऊन एक जुना जोड दाखवला होता. टाच एका बाजूने खाल्लेली. ‘बघ गो,’ ती म्हणाली होती, ‘काल रात्रीपन फिरान इलो.’ पुढे रात्रपाळी लागली तेव्हा घाबरलेल्या मला आईने त्या चपलांची आठवण करून दिली होती. आपल्यासारखाच तोही ड्युटीवर असतो, म्हणाली.

रात्री फिरून चपला झिजवणारा, गावाचं गाऱ्हाणं ऐकणारा राखणदार. परदेशातल्या कुठल्या लेखकाला हे सुचलं असतं तर त्याने बारा पुस्तकं लिहिली असती. मुंजाचंही तसंच. मुंज झाली, लग्न राहिलं, आणि पोर पिंपळावर अडकलं. त्याला पडद्यावर आणि कथांमध्ये आपण भीतीसाठी वापरून घेतलं, पण त्या अडकलेपणाची कणव अजून कुणी पुरती लिहिली आहे असं मला वाटत नाही.

तुमच्या पत्राच्या शेवटी लिहिलंय की तुम्ही स्वतः थोडं लिहून पाहिलंय. सावंतवाडीच्या एसटी स्टँडवर रात्रीच्या गाडीची तिकिटं देणारी मुलगी, आणि दर अमावास्येला येणारा, कुठलंच तिकीट न घेणारा एक प्रवासी. ते पुरं करा. त्या मुलीला नोकरी सोडायला लावू नका, एवढंच मागते. पहिलं प्रकरण झालं की मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. आणि त्या प्रवाशाच्या पायात काय आहे, ते पहिल्या पानावरच येऊ द्या.